शंभरपैकी एकावन्न

गुरुवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ११.२०

फोन आला! वजनकाटे दुरुस्त करणारी एक छोटी कंपनी आहे. दुकानांचे, बेकऱ्यांचे, औषधवाल्यांचे काटे तिथे तपासायला येतात. आल्या-गेल्या काट्यांची नोंद ठेवायची, त्यांना चिठ्ठ्या बांधायच्या आणि गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, यासाठी माणूस हवाय. मालकीणबाई स्वतः बोलल्या. म्हणाल्या, आमच्याकडे इंटरव्ह्यू वगैरे नसतो. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस येऊन काम करा. तुम्ही आम्हाला बघा, आम्ही तुम्हाला बघतो.

'तुम्ही आम्हाला बघा' हे त्यांनी आधी म्हटलं. म्हणजे निर्णय माझा. माझ्या अनुभवाची ख्याती पोचलेली दिसते.

बायकोला फोन करून सांगितलं. ती डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपरच्या काउंटरवर असते. समोर गर्दी आहे म्हणाली. मग एवढंच विचारलं, की तू जाणार आहेस ना?

जाणार की नाही हे कल्चरवर अवलंबून, असं सांगेपर्यंत फोन कट.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

घरी बसून आठ महिने झाले. बसून म्हणजे लोकांच्या भाषेत. मी योग्य संस्थेच्या शोधात आहे.

चार वर्षांत तीन नोकऱ्या सोडल्या त्या उगाच नाही. पहिल्या ठिकाणी साहेब शीळ घालायचे. दुसऱ्या ठिकाणी खुर्च्यांना हात नव्हते. तिसऱ्या ठिकाणी माझी किंमत कळावी म्हणून नुसता दाखवायला राजीनामा नेला, तर मी बसायच्या आत साहेबांनी सही केली. पेनही त्यांचं स्वतःचं. इतकी घाई! त्यावरून तिथलं कल्चर कळलं.

या वेळी भावनेच्या भरात काही करायचं नाही. शास्त्रीय पद्धत. गुणपत्रिका तयार केली. दहा मुद्दे, प्रत्येकी दहा गुण: खुर्ची, चहा, स्वच्छता, शिस्त, वरिष्ठांचा सूर, जेवणाची सुट्टी, सहकाऱ्यांची पात्रता, प्रामाणिकपणा, माझ्या अनुभवाची कदर आणि भविष्य. पास व्हायला साठ लागतील. एकोणसाठ पडले तरी ग्रेस नाही.

कन्येने पट्टीने रेघा मारून दिल्या. नववीत आहे. तिने विचारलं, बाबा, तेपण तुम्हाला मार्क देणार का? तिला म्हटलं, अजून लहान आहेस.

रविवार, ८ फेब्रुवारी

मेव्हणा येऊन गेला. त्याची बाथरूमच्या सामानाची शोरूम आहे. नळ, बेसिन, कमोड. चांगली चालते. म्हणाला, भाऊजी, संकोच करू नका, घरचंच आहे, मार्चपासून या. काउंटरला विश्वासाचं माणूस पाहिजेच आहे.

मी कमोड विकू? बावीस वर्षांचा अनुभव गाठीशी असताना? चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. नंतर बायको म्हणाली, की तू इतकं तोंड वाकडं केलंस, की त्याने बिचाऱ्याने बिस्किटसुद्धा अर्धं ठेवलं.

मग तिने भांडी आवरता आवरता सांगितलं: फेब्रुवारी संपेपर्यंत जिथे जमवायचं तिथे जमव. नाहीतर दोन मार्चला सकाळी तू माझ्या भावाच्या दुकानात. आवाज चढवला नाही. ती आवाज चढवते तेव्हा मला काळजी नसते. आज मात्र आहे.

निश्चय: १) पाचही दिवस कमी बोलून निरीक्षण. २) पहिल्या दिवशी हसायचं नाही, हसलं की लोक हलकं घेतात. ३) स्वतःचा कप न्यायचा.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पोचायला बारा मिनिटं उशीर. पहिल्या दिवशी अगदी वेळेवर गेलं तर गरजू वाटतो.

एक लांब खोली. एका भिंतीला फडताळं, त्यांवर काटेच काटे. मधोमध दोन टेबलं. एकावर कारागीर, डोळ्याला भिंग लावून. वर मान करत नाही. दुसऱ्यावर पॅकिंगचे काका. साठीचे असतील, गळ्यात सुतळीचा गुंडा. मी त्यांचं नाव दोरीकाका ठेवलं (मनात). मालकीणबाई कोपऱ्यात, केबिनशिवाय. वरिष्ठाला केबिन नाही हे मला खटकलं. मग दबून कोणाला राहायचं?

खुर्ची: उजवीकडे कलते. ४.
चहा: न मागता आला, गरम, दोनदा. ८.
स्वच्छता: ७. तीन कापले, कारण माझ्या टेबलावर आधीच्या माणसाचं कॅलेंडर.

आता मुख्य गोष्ट. पावणेसहाला सगळे उठून चहाचे कप घेऊन एका काळ्या फळ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, माझं स्वागत. तसं काही नाही. इथे रोज जाताना प्रत्येकाने आपली आजची चूक मोठ्याने सांगायची आणि खडूने लिहायची! दुसऱ्या दिवशी पहिलं काम ती निस्तरायचं. निस्तरली की पुसायची. बाईंनी स्वतःपासून सुरुवात केली. एका गिऱ्हाइकाला फोन करते म्हणून विसरल्या होत्या. कारागिराने स्प्रिंग उलटी बसवली होती. दोरीकाकांनी एक खोकं छोटं घेतलं होतं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, निरंक. बाईंनी लिहिलं: निरंक.

बाई म्हणाल्या, काटा चुकला तर काट्याला स्वतःला कळत नाही हो, म्हणून आपल्याला कळायला हवं. वाक्य बरं आहे. भिंतीवर लावण्यापुरतं. पण जिथे मालकीणच रोज चुका कबूल करते तिथे माणसांची पात्रता काय असणार? सहकाऱ्यांची पात्रता: ३.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज या कंपनीला पहिल्यांदा सिस्टिम मिळाली.

दुपारी पाहतो तर माझ्या टेबलावर तयार काटे, आणि त्यांच्या चिठ्ठ्या कशाही लोंबतायत. एक डावीकडे, एक उजवीकडे, एकीला तर चक्क गाठ मारलेली. मला असलं बघवत नाही. सगळ्या चिठ्ठ्या सोडवल्या, टेबल पुसलं, काटे उंचीप्रमाणे लावले आणि चिठ्ठ्या परत बांधल्या, सगळ्या उजवीकडे, एका रेषेत. दोन काटे अगदी जुळ्या भावांसारखे होते, एक औषधवाल्याचा, एक बेकरीचा. पण मला नजर आहे.

दोरीकाका दुपारची गाडी भरायला आले तेव्हा टेबल बघून थबकले. म्हणाले, अरे वा, छान लावलंय. मग विचारलं, चिठ्ठ्या सोडल्या होत्या का? मी म्हटलं, सुधारल्या.

फळ्यावर: निरंक. सलग दुसरा दिवस. इथे हा विक्रम असावा.

शिस्त: ८. (त्यातले चार माझ्यामुळे.)
जेवणाची सुट्टी: पूर्ण पाऊण तास, कुणी घड्याळ बघत नाही. ९.

बुधवार, ११ फेब्रुवारी

गोंधळ. सकाळी दहालाच औषधवाल्याचा फोन. मी घेतला. माणूस जवळजवळ ओरडत होता. म्हणाला, मी या काट्यावर मलमाची औषधं मोजतो, हा कुठला धोंडा पाठवलाय? माझ्या पोरीने पहिल्यांदा वजन पडताळून पाहिलं म्हणून वाचलो, नाहीतर कुणाच्या अंगाला काय लागलं असतं? मी त्याला शांतपणे सांगितलं, की आवाज खाली ठेवल्यास तक्रार नोंदवता येईल. त्याने बाईंना द्या म्हटलं.

बेकरीचा काटा औषधवाल्याकडे गेला होता, औषधवाल्याचा बेकरीकडे. बाई रिक्षा करून स्वतः गेल्या, दोन्ही काट्यांची अदलाबदल करून, माफी मागून दुपारी परत आल्या. जेवल्या नाहीत.

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. चिठ्ठ्या मी मंगळवारी परत बांधल्या हे खरं. पण प्रत्येक काट्याच्या खाली नंबर कोरलेला असतो आणि गाडीत ठेवताना तो बघायचा असतो. म्हणजे जबाबदारी शेवटी हात लावणाऱ्याची. शिवाय मी ट्रायलवर. ट्रायलवरच्या माणसाची चूक ही तांत्रिकदृष्ट्या चूक नसते, निरीक्षण असतं.

पावणेसहाला दोरीकाका पहिले पुढे झाले. म्हणाले, चिठ्ठी बघितली, खालचा नंबर बघितला नाही, माझी चूक. खडूने लिहिलंसुद्धा. बघा! माझा तर्क बरोबर होता.

बाईंनी विचारलं, या चिठ्ठ्यांबद्दल आणखी कुणाला काही सांगायचंय? कारागिराने डोळ्यावरचं भिंग काढलं. या माणसाला दोन डोळे आहेत हे मला आज कळलं. दोन्ही माझ्याकडे.

मी निरंक म्हटलं. आवाज जरा बसल्यासारखा निघाला. खडूची धूळ फार आहे तिथे.

प्रामाणिकपणा: ५. इतका प्रामाणिकपणा कामाच्या ठिकाणी बरा नाही, म्हणून पाच कापले.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

जेवताना दोरीकाका डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. आपण होऊन सांगायला लागले. इथे नवे असताना त्यांनी एका काट्याच्या तबकाखाली पॅकिंगचा कागद तसाच ठेवून काटा पाठवला होता. दुकानदार महिनाभर लोकांना कमी माल देत राहिला आणि शिव्या खात राहिला. म्हणाले, तीन दिवस मी काही बोललो नाही. घास गिळवत नव्हता. चौथ्या दिवशी फळ्यावर लिहिलं. बाईंचे वडील होते तेव्हा. ते म्हणाले, बरं झालं, आता जेव.

एवढं बोलून माझ्याकडे बघत बसले. मी त्यांना म्हटलं, वय झालं की विसरायला होतं, सकाळी थोडं चालत जा. त्यांनी मान हलवली आणि डबा बंद केला. वरिष्ठाचा सल्ला ऐकून घेणारा माणूस आहे.

मला मात्र आज जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

वरिष्ठांचा सूर: मऊ. पण बाई आज माझ्याशी कमी बोलल्या. ६.
फळ्यावर: निरंक.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. रात्री ८

शेवटचा दिवस. सकाळी चुकून दोन मिनिटं लवकर पोचलो.

दिवसभर फोन घेतले. एक बाई तर आभार मानून हसली. खुर्ची कलते त्या बाजूला मी आपोआप कलायला लागलो आहे, त्यामुळे आता ती सरळ वाटते. तरी गुण बदलले नाहीत. तत्त्व म्हणजे तत्त्व.

फळ्यासमोर सगळ्यात शेवटी माझी पाळी ठेवली. बाईंनी खडू माझ्याच हातात दिला. म्हणाल्या, पाच दिवस झाले, आज तुम्हीच लिहा. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: निरंक. खाली रेघ ओढली.

बाई म्हणाल्या, बरं. मग विचारलं, आम्ही कसे वाटलो?

याच क्षणाची मी वाट बघत होतो. गुणपत्रिका पुढे केली. माझ्या अनुभवाची कदर: २ (पाच दिवसांत एकदाही सल्ला विचारला नाही). भविष्य: ९ (बाकीचे इतक्या चुका करतात, की मी वर्षभरात वरच असणार). एकूण शंभरपैकी एकावन्न. नापास. खाली शेरा लिहिला होता: सुधारणा केल्यास माझ्याकडून फेरविचार शक्य.

बाईंनी उभ्याउभ्या सगळी वाचली. मग म्हणाल्या, ही ठेवून घेऊ का? मी म्हटलं, जरूर, फीडबॅक ही भेट असते. त्या म्हणाल्या, कळवतो.

निघताना दोरीकाकांनी माझा कप कागदात गुंडाळून, सुतळी बांधून दिला. वर चिठ्ठी: 'कप, एक. मालक तपासला.' इतकी कदर! तिथे दोनाचे तीन करायला हवे होते. पण पत्रिका देऊन झाली होती.

शनिवार, १४ फेब्रुवारी

बायकोला सगळं सांगितलं. ती ताट वाढत होती, ती डाव हातात धरून खाली बसली. विचारलं, तू त्यांना नापास केलंस? लेखी?

मी कल्चर म्हणजे काय ते समजावायला लागलो. ती म्हणाली, बरोबर आहे, तुला सगळीकडे नाकाने कांदे सोलायचे आणि मी घरी खरे कांदे चिरायचे. कन्येने तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या पाठीवरून कुणी फिरवला नाही.

एक गोष्ट इथेच लिहितो, बाहेर नाही. मला ती नोकरी हवी आहे.

म्हणजे, हवी असं नाही. आली तर बघू.

सोमवार, १६ फेब्रुवारी

ऑफर लेटर आल्यावर घालायच्या अटी: १) नवी खुर्ची. २) केबिन, निदान पार्टिशन. ३) फळ्याच्या वेळी मला सूट. ४) पदनामात 'वरिष्ठ'. ५) बाईंनी रोज सकाळी माझा सल्ला घ्यावा.

फोन चार्जिंगला लावून जवळच बसलो. आला नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

अट पाच काढली. त्या बिझी असतात. केबिनही नको. ती लांब खोली हवेशीर आहे, उगाच भिंती कशाला.

फोन आला. क्रेडिट कार्डवाला. त्याच्याशी वीस मिनिटं बोललो.

बुधवार, १८ फेब्रुवारी

'वरिष्ठ' नाही लिहिलं तरी चालेल. लोकांना वागण्यावरून कळतंच. राहिल्या दोन अटी, खुर्ची आणि फळा.

संध्याकाळी पावणेसहाला चहा घेत होतो. कारण नसताना उठून उभा राहिलो. कन्या विचारते, बाबा, काय हवंय? काही नाही म्हटलं आणि परत बसलो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

खुर्चीवर उशी मी घरून नेईन. फळ्यासमोर उभा राहीन, अगदी पुढच्या रांगेत. रोज काहीतरी छोटं सांगेन. पेन हरवलं वगैरे. चिठ्ठ्यांचं नाही. ते आता जुनं झालं, पुसलंसुद्धा असेल.

पुसलं असेल ना? चूक निस्तरली तरच पुसतात तिथे.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आलं! कुरिअरवाल्याने सही घेतली. लांब, जाड लिफाफा, त्यावरून सुतळी, आणि गाठ दोरीकाकांचीच. मी गाठ कापली नाही, नखांनी सोडवली. बायको दवाखान्यात निघाली होती ती दारात थांबली. कन्या शेजारी येऊन उभी राहिली. मी दोघींना म्हटलं, आधी अटी नीट वाचेन, लगेच हो म्हणणार नाही.

आत माझीच गुणपत्रिका. दहाही मुद्द्यांपुढे लाल पेन्सिलीने तपासल्याच्या खुणा. खाली माझा एकावन्न गोल करून शेजारी लिहिलं होतं: ६१. सोबत बाईंच्या अक्षरात छोटा कागद. 'बेरीज तपासली. एकसष्ट होतात. हातचा एक राहिला. आपल्या साठाच्या अटीत आम्ही पास होतो, याचा आनंद आहे. आमच्याकडची जागा मात्र भरली. बुधवारच्या फळ्यावर आपल्यासाठी शुक्रवारपर्यंत एक ओळ मोकळी ठेवली होती. कळावे.'

मी म्हटलं, बेरीज बरोबरच होती, त्यांनीच काहीतरी घोळ केलाय. त्या लोकांना सवयच आहे. कन्येने कागद घेतला आणि बोट फिरवत मोठ्याने मोजायला लागली. चार, बारा, एकोणीस... शेवटच्या आकड्याला तिचा आवाज अगदी बारीक झाला. म्हणाली, बाबा, एकसष्टच होतात हो.

बायको रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने भावाला फोन लावला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. पायात चप्पल घालून कामाला गेली.

सोमवार, २ मार्च. रात्री ९.३०

शोरूमचा पहिला दिवस. वेळेवर पोचलो. गरजू वाटलो तर वाटलो.

मेव्हणा चांगला वागला. काउंटरमागची खुर्ची मोडली आहे, नवी येईपर्यंत इथे बसा भाऊजी म्हणाला, आणि डिस्प्लेमधल्या एका कमोडचं झाकण पुसून दिलं. बसलो. मजबूत आहे, कलत नाही. सकाळभर लोक येऊन माझ्याकडे आणि मग माझ्या खाली बघत होते. एका आजोबांनी किंमत विचारली तेव्हा मला उठून उभं राहावं लागलं.

नळांना लेबलं लावायचं काम दिलं. दोन-दोनदा तपासून लावली. खालचे नंबरही बघितले. खालचे नंबर बघा असं कुणी सांगितलं नव्हतं.

दुकान बंद व्हायच्या वेळी हिशेबाची वही मिटून मेव्हणा दिवे घालवायला लागला. मी आपला उभा, चहाचा रिकामा कप हातात धरून. इथे फळा नाही. कुणी काही विचारणार नव्हतं. तरी बोलून गेलो. म्हटलं, त्या काट्यांच्या चिठ्ठ्या मीच बदलल्या होत्या. मंगळवारी. त्या म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या नावावर घेतलं आणि मी तिथेच उभा होतो.

आवाज पुन्हा बसल्यासारखा निघाला. इथे खडूची धूळही नव्हती.

मेव्हण्याने वळून बघितलं. म्हणाला, कसल्या चिठ्ठ्या? शटर ओढा, भाऊजी, उशीर झालाय.